एकट्याने न संपणारं फळ

४ मे

विषय एका ओळीत आला आहे : वाटून घेण्यातला आनंद. वाचक चार ते सहा वर्षांचा. पानं ३२, मजकूर थोडका, शब्द आणि चित्रं दोन्ही माझी. कच्ची डमी जूनअखेर संपादकताईंच्या हातात पडायला हवी. म्हणून मे महिना कुडाळजवळच्या घरीच काढायचं ठरवलं. इथे दादाची दोन मुलं आहेत, मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी पाच वर्षांची. वाडीतली बाकीची पोरं दिवसभर आमच्याच खळ्यात असतात.

या विषयावरची पुस्तकं भरपूर आहेत. बहुतेकांत एक हावरट पात्र असतं. त्याच्याशी कुणी खेळत नाही, मग त्याचे डोळे उघडतात, तो सगळ्यांना देतो आणि शेवटच्या पानावर सगळे हसतात. मुलं शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि उठून जातात. त्यांच्या हाती काही लागलं असं वाटत नाही. देण्यात सुख आहे हे मी मनापासून मानते. ते सुख मुलाला पुस्तकातून चाखायला मिळावं, एवढंच मला करायचं आहे.

सोबत पुस्तकांची पिशवी आणली आहे. सगळ्यांत वर ‘इंद्रधनुषी मासा’.

६ मे

स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या मार्कस फिस्टर यांनी हे पुस्तक १९९२ साली जर्मन भाषेत केलं. पुढे ते पन्नासहून अधिक भाषांत गेलं. गोष्ट साधी आहे. समुद्रातला सर्वांत सुंदर मासा, अंगावर चमचमती खवलं. एक छोटा निळा मासा त्याच्याकडे एक खवलं मागतो, तो झिडकारतो, आणि बाकीचे मासे त्याच्यापासून दूर जातात. एकटा पडल्यावर तो गुहेतल्या शहाण्या अष्टपादाकडे जातो. खवलं वाटून टाक, असा सल्ला मिळतो. मासा एक देतो, मग आणखी देतो, शेवटी एकच उरतं आणि तो सुखी होतो.

संध्याकाळी पडवीत इंग्रजी प्रत उघडून दोघांना मराठीत सांगितली. पहिल्याच पानावर पुतणीचं बोट खवल्यांवर गेलं. जलरंगातल्या निळ्या-जांभळ्या पाण्यात ही खवलं खऱ्या चंदेरी वर्खाची आहेत. छपाईनंतर तापवलेल्या ठशाने धातूसारखा चमकणारा पातळ पत्रा कागदावर दाबून बसवतात. पान हललं की रंग बदलतो. शेवटच्या पानांवर प्रत्येक माशाच्या अंगावर एकेक खवलं लकाकतं तेव्हा पुतणीने सगळ्यांना बोट लावलं. कुणी सुटलं नाही ना, हे पुन्हा पाहिलं.

या पुस्तकाचं खरं बळ मला त्या बोटात दिसलं. एकाकडची लकाकी दहांकडे जाते आणि प्रत्येक ठिकाणी ती तेवढीच लख्ख राहते. यासाठी फिस्टर यांना एक शब्दही खर्च करावा लागत नाही.

पण पुस्तक मिटल्यावर तिने विचारलं, “आते, खवलां काढताना तेका दुखला नाय?”

पुतण्या म्हणाला, “आणि मगे सगळे सारखेच झाले!”

दोघांचं बोलणं वहीत उतरवून ठेवलं. या पुस्तकावर मोठी माणसं जगभर जे आक्षेप घेतात, त्यांत हे दोन्ही आहेत. अंगाचा तुकडा काढून द्यावा लागला तर ते वाटणं झालं का? आणखी एक आक्षेप : देईपर्यंत कुणी जवळ करत नसेल, तर मैत्री विकत घ्यावी लागली असं होत नाही का? पुस्तक थोर आहे, लाखो मुलांनी त्यावर जीव लावला आहे. पण माझ्या पुस्तकात देण्याआधी कुणी एकटं पडणार नाही. एकटं पडण्याच्या भीतीने दिलेलं हातातून सुटतं, पण आनंद होत नाही.

९ मे

आज मुलांना मुद्दाम काही विचारलं नाही, नुसती ऐकत बसले. कैऱ्या मोजून वाट्याला घेण्यावरून भांडण चाललं होतं. सगळ्यांत धाकटा, चारेक वर्षांचा शेजारचा मुलगा, आपल्या दोन कैऱ्या पोटाशी धरून मोठ्याने सांगत होता की सगळ्यांना सारख्या मिळाल्या पाहिजेत. आणि हातातली एकही सोडत नव्हता.

क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच अभ्यासून मांडलं होतं. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर दिले. सारखे वाटावेत, हे तीन वर्षांच्या मुलालाही ठाऊक होतं. मात्र प्रत्यक्ष वाटताना लहान मुलांनी स्वतःकडे जास्त ठेवले. सात-आठ वर्षांची मुलं बोलल्याप्रमाणे वागू लागली होती. आपण देणार नाही, हेही लहानांना आधीच नीट सांगता येत होतं.

माझ्या कामाला याचा फार उपयोग आहे. ‘वाटावं’ हे चार वर्षांच्या मुलाला माहीत आहे. तेच पुन्हा सांगायला ३२ पानं छापण्यात अर्थ नाही. माहीत असणं आणि हात पुढे होणं यांत जे अंतर आहे, त्या अंतरातली गोष्ट सांगायला हवी. त्या वेळी मुलाच्या पोटात काय होतं, समोरच्याच्या तोंडावर काय दिसतं, आणि दिल्यावर काय होतं.

१३ मे

परवा दादाने मागच्या झाडावरून काथ्याच्या दोरीने बांधून कापा फणस उतरवला होता. गोणपाटाखाली ठेवला होता. काल रात्रीपासून घरभर घमघमाट. सकाळी आईने वर थापटून आवाज ऐकला आणि म्हणाली, आज फोडूया.

फणस फोडणं हे एका माणसाचं काम नाही. वहिनीने ओटीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली. कोयतीला खोबरेल लावलं, मग स्वतःच्या हातांना कोपरापर्यंत लावलं. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, त्याला तेलच लागतं. दादाने फणस आडवा धरला, वहिनीने कोयती घातली आणि दोन भाग झाले. मधल्या पांढऱ्या दांड्यातून चीक दुधासारखा पाझरायला लागला. कागदाच्या बोळ्याने तो टिपून घेतला. मग फोडी उलट्या वाकवल्या तसे गरे वर आले. सोनेरी, जाड, एकमेकांना चिकटून बसलेले, मधे मधे पात.

एवढ्यात आईने कुंपणाकडे तोंड करून हाक दिली, “गरे खाऊक येवा गोss!” बोलावण्याची तशी गरज नव्हती, वास आधीच पोचला होता. शेजारची काकी आली, तिच्या मागून तिची सून, मग पोरांचा घोळका. गवंडीकामाला आलेले दोघेही हात धुऊन बसले.

मी फक्त पुतणीकडे पाहत होते. तिच्या हातांना आईने तेल लावून दिलं होतं. तिने दोन्ही हातांनी ओढून एक गरा काढला. वरचा पातळ पापुद्रा सोलला, बोट घालून आठळी बाहेर काढली, पाटीत टाकली आणि अख्खा गरा स्वतःच्या तोंडात घातला. गाल फुगले, डोळे मिटले. तो संपेपर्यंत तिने कुणाकडे पाहिलं नाही.

मग तिचं लक्ष कैरीवाल्या धाकट्याकडे गेलं. तो हात पाठीमागे धरून उभा होता. चीक लागेल म्हणून त्याच्या आईने त्याला फणसाला हात लावायला मनाई केली होती. पुतणीने दुसरा गरा ओढला. हा आधीच्यापेक्षा मोठा होता. ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग पापुद्रा सोलला, आठळी काढली आणि गरा त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने आ केला. त्याने चावायला सुरुवात करण्याआधीच ती हसू लागली होती.

कुणी तिला सांगितलं नव्हतं. कुणी शाबासकीही दिली नाही. माझ्याशिवाय कुणी पाहिलंसुद्धा नाही.

आई म्हणते, “एकट्यान खावचां फळ न्हय तां.” माझं पुस्तक मिळालं.

१५ मे

गोष्ट फणसाची. एका मुलीच्या घरी फणस पिकतो, वास वाडीभर जातो, माणसं येत राहतात आणि फणस फुटतो. खवल्यांसारखं अंगातून काही काढून द्यावं लागत नाही. फळ झाडाचं, मेहनत सगळ्यांची, आणि एवढं मोठं की एका घराला ते पिकल्या दिवशी संपवता येत नाही. फोडलेला फणस ठेवून उपयोग नाही.

संपादकताईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, प्राणी घेतले तर? ससा, खार, अस्वल. मुलांना प्राणी आवडतात, विक्रीही चांगली होते. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडेही मुलांची पहिली गोष्ट चिऊ-काऊचीच असते. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावत राहतो, चिमणी बाळाच्या कामात गुंतलेली असते आणि दार लवकर उघडत नाही. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली आहे. दाराबाहेर थांबलेल्याची तगमग त्यांना कळते आणि आत बसलेलीची ऊबही कळते.

तरी मी माणसंच घेणार आहे. कॅनडात टोरोंटो विद्यापीठातल्या निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गानेया यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. वाटून घेण्याची एकच गोष्ट काहींना प्राण्यांच्या चित्रांसह वाचून दाखवली, काहींना माणसांच्या मुलांच्या चित्रांसह. प्रत्येकाकडे १० स्टिकर होते आणि ज्याला मिळणार नाहीत अशा मुलासाठी त्यांतून हवे तेवढे पाकिटात टाकायचे होते. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी गोष्टीआधीपेक्षा जास्त टाकले. प्राण्यांची ऐकलेल्यांचे उलट थोडे कमी झाले. प्राण्यांच्या गोष्टीचं मोल यामुळे उणं होत नाही. ती वेगळ्या कामाची आहे, एवढंच. पण ऐकणाऱ्या मुलीने स्वतःचा हात पुढे करावा असं वाटत असेल, तर चित्रात तिच्यासारखाच हात दिसायला हवा. तेल लावलेला, चीक चिकटलेला.

ताईंना हे सगळं सांगितलं. म्हणाल्या, “मग माणसं काढा, पण कोकणातलीच काढा, कुठलीही नकोत.”

२० मे

पानांची आखणी केली. ३२ पानं म्हणजे छपाईच्या सोळा-सोळा पानांच्या दोन घड्या. त्यांतली शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा केली की गोष्टीला साधारण तेरा-चौदा जोडपानं उरतात. एवढ्यातच सगळं बसवायचं. भिंतीवर दोरी बांधून चौकोनी चिठ्ठ्या लावल्या. मुलं येता-जाता पाहतात.

चित्रपुस्तकाचा जीव पान उलटण्यात असतो. उजव्या पानाच्या कडेला काहीतरी अर्धवट राहायला हवं, म्हणजे मुलाचा हात पुढे जातो. इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांचं १९८६चं ‘द डोअरबेल रँग’ आज पुन्हा पाहिलं. आईने बिस्किटं केली आहेत, दोन मुलं, प्रत्येकाला सहा. घंटा वाजते, शेजारची दोघं येतात, तीन-तीन. पुन्हा घंटा, दोन-दोन. मग एवढी मुलं जमतात की प्रत्येकी एकच. आणि तेव्हाच पुन्हा घंटा वाजते. दार उघडायचं की नाही, असा क्षण. दारात आजी असते, बिस्किटांचा मोठा ट्रे घेऊन.

त्या शेवटच्या घंटेपाशी मी खूप वेळ थांबले. आजी आली हे छानच. पण त्या मुलांनी दार उघडलं तेव्हा बाहेर आजी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मोठेपणा त्या उघडण्यात आहे. आजीचा ट्रे पुढचं पान. माझ्या पुस्तकात मला त्या दारापाशी जास्त वेळ हवा आहे.

फणसाचा एक फायदा असा की गरे आधी मोजताच येत नाहीत. फोडल्याशिवाय आत किती हे कळत नाही. म्हणून माझ्याकडे भागाकार नाही. आधी माणसं जमतात, मग फळ उघडतं. आलेल्यांना पुरेल का, हा प्रश्न सगळ्यांनाच एकदम पडतो.

माणसं कशी काढावी यासाठी माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ची पुस्तकं समोर ठेवली आहेत. त्यांच्या चित्रांत घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी करत असतं. नुसतं उभं राहून हसणारं कुणी नसतं. माझ्या प्रत्येक जोडपानात येणाऱ्याच्या हातात काम द्यायचं ठरवलं : एक कागद पसरतो, एक तेलाची वाटी आणतो, एक चीक टिपतो, एक आठळ्या पाटीत गोळा करतो. गरे खाण्याआधी सगळ्यांचा हात लागलेला असतो. त्यामुळे देणारा एक आणि घेणारे बाकीचे असं राहतच नाही.

२७ मे

दिवसभर रंग. फणसाचा पिवळा कागदावर सापडतो, छपाईत हरवतो. चार रंगांच्या छपाईत नुसता पिवळा वापरला तर लिंबासारखा येतो, किरमिजी जरा जास्त झाला की आंब्यासारखा. गऱ्याला मधासारखी खोली हवी आणि कडेला किंचित हिरवट सावली. वहिनीने एक गरा बशीत ठेवून दिला. तो सुकायच्या आत चार-पाच पट्ट्या रंगवून घेतल्या.

ताईंनी वर्खाचं विचारलं होतं. गरे सोनेरी वर्खात चमकवले तर? इंद्रधनुषी माशासारखं दुकानात लांबून दिसेल. मी नको म्हटलं. खर्च वाढला की किंमत वाढते, आणि हे पुस्तक अंगणवाडीच्या पेटीत आणि वाचनालयात पोचायला हवं. शिवाय माशाच्या खवल्याची चमक डोळ्यांनी घ्यायची असते. गऱ्याचं सुख तोंडात असतं. ते फुगलेल्या गालांनीच दाखवायला हवं.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की केली. सगळा मजकूर फक्त काळ्या शाईत, चित्रापासून सुटा. म्हणजे उद्या कोंकणी, हिंदी किंवा कन्नड आवृत्ती काढायची तर तीन रंगांच्या प्लेटा तशाच राहतील, फक्त काळ्याची बदलावी लागेल. फणस आपल्याइतकाच गोव्याचा, कारवारचा आणि केरळचाही आहे.

५ जून

पाऊस अजून नाही, हवा मात्र कोंदट झाली आहे. रात्री आईबरोबर आठळ्यांना लाल माती लावत बसलो होतो. अशा ठेवल्या की पावसाळ्यात भाजायला, उकडायला, भाजीत घालायला होतात. आईने बोलता बोलता तिच्या सासरच्या पहिल्या उन्हाळ्याचं सांगितलं. तेव्हाही फणस असाच फुटायचा, वाडीला गरे जायचे. शेजारहून आलेला डबा कधी रिकामा परत जायचा नाही. दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. पण शेतावर राबणाऱ्या बायकांना गरे मिळायचे ते खळ्याच्या कडेला, पानावर, वरून टाकलेले. जातीमुळे. वाटणारा ओटीवर आणि घेणारी खाली.

“तेवा कोणाक काय वाटना नाय,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “तेंका वाटत असतला.”

हे पुस्तकात यायला हवं का, यावर रात्री खूप विचार केला. चार वर्षांच्या मुलाला जातीचा इतिहास सांगायचा नाही. पण चित्रात तो पुन्हा उभा करायचा नाही, ही माझी जबाबदारी आहे. वरून खाली दिलं की ती भीक होते. मग देणाऱ्याला बरं वाटतं आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. वाटण्याच्या कित्येक गोड गोष्टींत हा उंचीचा फरक नकळत शिरतो. सुस्थितीतलं मूल उभं, गरीब मूल हात पसरून बसलेलं.

सकाळी तीन जोडपानं पुन्हा आखली. आता सगळे एकाच ओटीवर, एकाच कागदावर, गोल बसले आहेत. गवंडी, काकी, आजी, मुलं. कुणाचंही डोकं मुद्दाम वर नाही. फणस मधे आहे आणि प्रत्येकाचा हात त्याच्यापर्यंत पोचतो.

१८ जून

आज अंगणवाडीत डमी वाचली. पाऊस लागला आहे, पत्र्यावर एवढा आवाज की आवाज चढवून वाचावं लागलं. मुलं चटईवर दाटीवाटीने बसली होती.

पहिली पानं सपाट्याने गेली. वास पसरतो त्या पानावर सगळ्यांनी नाकं ओढली. फणस फुटण्याच्या पानावर एकाने जोरात “फाट्!” केलं आणि मग सगळ्यांनी केलं. मुलीने पहिला गरा स्वतः खाल्ला तेव्हा कुणालाही काही वावगं वाटलं नाही. खायचाच, असा सूर.

नंतर येतं बिनशब्दांचं जोडपान. डावीकडे मुलगी, तिच्या हातात दुसरा गरा, मोठा. उजवीकडे छोटा मुलगा, हात पाठीमागे. मधे पांढरी जागा. तिथे मी गप्प राहिले.

आधी सगळे गप्प. मग एक म्हणाली, “दे तेका.” दुसरा म्हणाला, “नको, तीच खाऊं दे.” एकाने उपाय काढला, “अर्धो अर्धो!” एक मुलगी उठून पानाजवळ आली, मुलाच्या चित्राकडे पाहून म्हणाली, “ह्येचे हात खंय आसत?” तिने पान उलटून मागे पाहिलं, मागच्या पानावर तो आपल्या आईजवळ उभा होता. “आवशीन सांगल्यान हात लावू नको,” तिने सगळ्यांना समजावलं. यानंतर ‘दे’ म्हणणारे वाढले.

अंगणवाडीच्या ताईंनी त्या वेळी एकच प्रश्न विचारला, तोही किती शहाणपणाचा. “तेच्या पोटात काय होता असात?” तात्पर्य विचारलं नाही, कोण चांगलं कोण वाईट हेही नाही. मुलांनी उत्तरं दिली : पाणी सुटतंय, रडू येतंय, राग आलाय. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या सीलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांचा २०१३चा अभ्यास मला आठवला. दीड-दोन वर्षांच्या मुलांना आईवडील चित्रपुस्तक कसं दाखवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पात्राला काय वाटतंय हे जे आईवडील मुलाकडूनच काढून घेत होते, त्यांची मुलं प्रत्यक्षात जास्त वाटत आणि मदत करत होती. आईवडिलांनी स्वतः सांगून टाकण्याने तेवढा फरक पडत नव्हता. ताईंनी हा अभ्यास वाचलेला नाही. रोज पंचवीसेक मुलांबरोबर बसून त्यांनी तेच ओळखलं आहे.

मग पान उलटलं. गरा धाकट्याच्या तोंडात, आणि मुलगी हसते आहे. वाचणं थांबवून पाहिलं तर समोर बसलेली मुलंही हसत होती.

२४ जून

शेवटचं जोडपान अडलं होतं. संपादकताईंचं मत होतं की मजकुरात एक ओळ हवी, ‘वाटल्याने आनंद वाढतो’ अशा अर्थाची. पालक पुस्तक चाळताना ती शोधतात. त्यांचं म्हणणं मला समजतं. पण ती ओळ ठेवली तर मागच्या पानावरचं हसू माझं होतं, मुलीचं राहत नाही.

लारा ॲकनिन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी व्हँकूव्हरमध्ये दोन वर्षांहूनही लहान मुलांबरोबर केलेलं काम २०१२ साली प्रसिद्ध झालं. मुलांसमोर खाऊचा वाडगा ठेवला आणि माकडाची बाहुली आणली. खाऊ मिळाला तेव्हा मुलं खूश झालीच. बाहुलीला खाऊ दिला तेव्हा त्याहून खूश दिसली. आणि कुठूनतरी आलेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाडग्यातला दिला तेव्हा चेहरा सगळ्यांत फुलला. ही मुलं बोलायलाही पुरती शिकली नव्हती. त्यांना तात्पर्य कुणी सांगणार तरी कसं?

दुसरा अभ्यास नादिया चेर्न्याक आणि तमार कुश्नीर यांचा, २०१३चा. बालवाडीच्या वयाच्या काही मुलांना स्टिकर ठेवायचा की दुःखी बाहुलीला द्यायचा, हे स्वतः ठरवू दिलं. काहींना द्यायलाच सांगितलं. पुढच्या वेळी नव्या बाहुलीला जास्त स्टिकर दिले ते आधी स्वतः ठरवलेल्यांनी. एकदा स्वतःहून दिलं की मूल आपण देणारे आहोत असं स्वतःबद्दल समजू लागतं. हुकमाने देणाऱ्याला ती संधीच मिळत नाही.

म्हणून ओळ नाही. शेवटच्या जोडपानावर सगळ्यांनी खाऊन झालं आहे, आठळ्यांची पाटी भरली आहे, फणसाच्या सालीची चारखंडं गोठ्यात गेली आहेत, गाय खाते आहे. मुलगी आणि धाकटा दोघं मिळून आठळ्यांना माती लावताहेत. मजकूर एवढाच : पावसाळ्यात भाजून खायला. सण नाही, टाळ्या नाहीत. पुढच्या वेळेची तयारी चालू आहे.

ताईंना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी होकार दिला आणि एक अट घातली : मुलांसाठी ओळ नको असेल तर मोठ्यांसाठी मागच्या बाजूला एक छोटी नोंद द्या. ती अट मला मनापासून पटली.

२ जुलै

डमी पाठवली. सोबत मोठ्यांसाठीची नोंद, आज लिहून पुरी केलेली. इथे उतरवून ठेवते :

हे पुस्तक मुलांना मांडीवर घेऊन वाचा. मधे एक पान बिनशब्दांचं आहे. तिथे घाई करू नका, उत्तर देऊ नका, मुलाला वेळ द्या. ‘दे’ आणि ‘नको देऊ’ ही दोन्ही उत्तरं ऐकून घ्या. त्या मुलीला काय वाटत असेल, त्या मुलाला काय वाटत असेल, एवढंच विचारा.

ही मुलगी पहिला गरा स्वतः खाते, हे ध्यानात घ्या. मूल देतं तेव्हा ती वस्तू आधी त्याची असावी लागते. पाहुण्यांसमोर त्याच्या हातातलं खेळणं काढून दुसऱ्याला देऊ नका. त्यातून त्याला देणं कळत नाही, हिसकावलं जाणं कळतं.

मूल देईल तेव्हा कौतुकाचा वर्षाव करू नका. घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे त्याचं लक्ष जाऊ द्या. बक्षीस तिथेच आहे.

आणि मुलांसमोर तुम्हीही वाटा, एका पंगतीत बसून, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून. मुलं पुस्तकातली गोष्ट ऐकतात आणि घरातली पाहतात. दोन्ही एकच असल्या तर ती त्यांच्यात मुरते.